व्याह्यांची लाल गाडी

व्याह्यांची लाल जर्मन गाडी मला हवी होती, हे आधीच सांगतो. मुलीच्या लग्नात नवरदेव त्याच गाडीतून आला होता. दोन दारांची, जमिनीला टेकलेली. पोखर्णीहून आलेले आमचे नातेवाईक नवरदेवाला सोडून तिच्याच भोवती फिरत होते. त्याच मांडवात व्याही कुणाला तरी म्हणाले, "मुलीचे वडील बैलबाजारातले." मी दलालीतून वर आलो, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, त्याची मला लाज नाही. पण तो सूर मी विसरलो नाही.

यंदा त्यांचा फोन आला. "गाडी विकायला काढतोय. बाहेर देण्यापेक्षा घरातच राहील." मला तिथंच शंका आली.

मी चौकशी केली. अशा गाड्या जुन्या झाल्या की प्लॅस्टिकचे पाण्याचे पाइप तडकतात, तेल गळतं. ते दुरुस्त करता येतं. पण सिलिंडर आतून खरवडला गेला तर इंजिनच जातं. ते कळतं इंजिन थंड असताना चालू केल्यावर. टकटक वाजतं आणि धुराचं एकाच बाजूचं नळकांडं काळं पडतं. तापलं की आवाज दबतो. बाजारात लंगडा बैल असाच खपवतात. गिऱ्हाईक यायच्या आधी फिरवून आणतात, म्हणजे पाय मोकळा होतो.

म्हणून मी बजावलं, "पावणं, मी येईस्तोवर गाडी चालू करू नका."

परभणीला त्यांच्या दारात उतरलो आणि मागच्या झाकणावर हात ठेवला. या गाडीचं इंजिन मागं असतं. झाकण गरम.

"उन्हानं तापलंय," व्याही म्हणाले.

"शेडमधी उभी हाय की."

"अहो, पेट्रोल भरून आणलं. तुम्हाला चक्कर मारायची ना?"

दुसरा कुणी असता तर मी तिथंच त्याला झाडला असता. पण मुलीच्या सासऱ्याशी घासाघीस करत नाहीत, त्याला खोटं तर मुळीच पाडत नाहीत. मुलीला त्याच घरात राहायचं असतं. हे जाणूनच त्यांनी मला गिऱ्हाईक केलं, असं माझं आजही मत आहे.

जेवण झाल्यावर मी मुलीला म्हणालो, "किल्ली बघू बरं गाडीची." तिनं खुंटीवरची काढून दिली. मी ती उशाखाली ठेवली आणि इंजिन थंड होईस्तोवर बैठकीत आडवा झालो. झोपलेल्या पाहुण्याला कुणी उठवत नाही. व्याही खोलीत येऊन जात राहिले, खाकरत राहिले. मी डोळे मिटून ऐकत होतो.

उन्हं कलल्यावर उठलो, झाकणावर हात ठेवून पाहिला, गार लागलं, आणि किल्ली फिरवली. टकटक, टकटक. डावं नळकांडं काळा धूर ओकू लागलं.

"जर्मन इंजिनं अशीच वाजतात," व्याही म्हणाले. "तुम्हाला बैलांची सवय."

तिथं माझं डोकं फिरलं. "मग बैलातलंच सांगतो. तुमी मला लंगडा बैल विकायलात. फिरवून आणलेला."

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे व्याह्यांनी पाहिलं, बराच वेळ. किल्ली तिनं दिली होती.

मी एसटीनं परत आलो. बोललो ते खोटं नव्हतं, आणि माफी मी मागणार नाही. पण हल्ली रोज फोन करतो. मुलगी म्हणते, "सगळं बरं आहे, बाबा." मागं सासऱ्यांचं खाकरणं ऐकू आलं की म्हणते, "नंतर बोलते," आणि फोन ठेवते.