पितरांचा पत्ता

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मिठीबिठी मारली नाही. बॅगेचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "जेवत जाय टाइमावर. आन् कोणाच्या वावरात विचारल्याबिगर पाय नको ठेवू गा." मला हसू आलं. आमचं स्वतःचं वावर त्याच वर्षी प्लॉट पाडणाऱ्या एका लेआउटवाल्याला विकलं होतं आणि सगळ्यात आधी सही मीच केली होती.

बुटीबोरीत शिकलेलं काम आता मी उत्तर घानात, कापसाच्या एका जिनिंगमध्ये करतो. पुण्याला गेलेले आणि मागे राहिलेले तुम्ही सगळे विचारता, करमतं का? करमतं. बाजरी आहे, आंबाडीची भाजी बाजारात ढिगानं येते. फक्त सांभार, म्हणजे पुण्याची कोथिंबीर, मिळत नाही, आणि सांभाराशिवाय वरण माझ्या घशाखाली उतरत नाही.

क्वार्टरमागे पडीक तुकडा होता. तिथे सांभार पेरू का हे विचारायला, कोला नावाच्या बिया नजराणा म्हणून घेऊन मी गावच्या प्रमुखाकडे गेलो. तो म्हणाला, "माणसं माझी आहेत, जमीन नाही." त्यानं मला जमिनीचं पाहणाऱ्या म्हाताऱ्याकडे धाडलं. आमचा ड्रायव्हर याकुबू दुभाष्या झाला. म्हाताऱ्यानं काय पेरणार ते विचारलंच नाही. तुझ्या घरच्या मेलेल्यांची नावं सांग, म्हणाला. कोणाचा पोरगा माती उकरतोय, हे त्याला त्याच्या पूर्वजांना कळवायचं होतं. मी आजोबांचं नाव सांगितलं आणि अडलो. कळली की ये, असं म्हणून त्यानं मला परत पाठवलं.

बाबांना फोन लावला. "काहून विचारून राहिला?" मी सांगितलं. ते न अडखळता म्हणाले, गोविंदा, सखाराम, दमडू, बकाराम. आणि आवाज उतरवून, "नावं सांग. पण वावर विकलं म्हून नको सांगू त्यायले."

म्हाताऱ्यानं बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी जमिनीवर ओतत चारही नावं घेतली. बकारामचं बाकारा झालं. मग विचारलं, यांना तिकडे पाणी कोण देतं? अक्षय तृतीयेला आम्ही वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पितरांसाठी पाण्याचा घट ठेवायचो. तिथे आता कोणाच्या तरी बंगल्याचं कंपाउंड आहे. खोटं बोलणं सोपं होतं, पण मी जमीन विकल्याचं सांगून टाकलं.

तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मग ते राहतात कुठे?"

त्या सहीची लाज मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. म्हाताऱ्यानं उरलेलं पाणी ओतलं, चारही नावं पुन्हा घेतली आणि काहीतरी पुटपुटला. याकुबू म्हणाला, "तिकडे जागा मिळेतोवर त्यांना इथे राहू दे, म्हणतात."

मी हे सगळं बाबांना सांगितलं, विकल्याचं सांगितलं तेही. त्यांनी फोन ठेवून दिला. सांभार बरा आला.

गाव कोणतं असं कोणी विचारलं, तर मी अजून नागपूरच सांगतो. पण दर अक्षय तृतीयेला सकाळीच बाबांचा फोन येतो, "पाजलं का गा त्यायले पाणी?"