पाठीमागची हाक

आमच्या आईला दोन मुलं झाली आणि बोलण्याचा सगळा वाटा माझ्याच पदरात पडला. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून सगळे ‘मुनी’ म्हणायचे. खाऊ मिळाला तरी गप्प, मार बसला तरी गप्प. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. अशा माणसाला नोकरी लागली तीही नेमकी यंत्रमागाच्या कारखान्यात, जिथे बोलून काही उपयोगच नसतो.

चालू मागांच्या मधे तुम्ही कधी उभे राहिला आहात? सूत घेऊन धावणारा धोटा इकडून तिकडे आदळत असतो, पायाखालची फरशी थरथरते, आणि शेजारच्यानं कानाशी येऊन बोंब मारली तरी शब्द कळत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. तोंड चांगलं मोठं हलवून एकेक शब्द घडवायचा, आवाज मात्र काढायचा नाही. फुकट घसा कोण फोडून घेणार? समोरचा ओठ वाचतो आणि तसंच उत्तर देतो. भांडणं, चहाड्या, विनोद, सगळं असंच चालतं. एकदा मी याचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर आमचा मुनी दोन्ही हात उडवत काहीतरी सांगतोय आणि पलीकडचे चौघेजण पोट धरून हसतायत. घरचा मुनी तिथे गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध होता. मला तर रागच आला. घरी काय दातखीळ बसते का?

लग्नही त्यानं तिथेच जमवलं. ती कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. यानं आपल्या मागापाशी उभं राहून तिला विचारलं. मधल्या सगळ्यांनी ते वाचलं. ती लाजून पाठमोरी झाली, त्यामुळे तिचं उत्तर कुणालाच वाचता आलं नाही. मग हा सगळे माग ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं पुन्हा विचारलं. हे मला भावजयीनं सांगितलं. हा कशाला सांगतोय?

त्यांना राहायला खोली मिळाली ती कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. रात्रंदिवस खटखट. फळीवरचे पेलेसुद्धा तिच्या तालावर किणकिणायचे. दोघं घरातही नुसत्या ओठांनीच बोलायचे, आणि सुट्टीच्या दिवशी माग बंद असले तरी तसंच. सवय म्हणजे सवय.

मग टिकली झाली. कपाळावर मधोमध तीळ, म्हणून टिकली. हसायची खळखळून, रडायला लागली की भिंतीपलीकडचे माग फिके पडायचे. एकाची कामाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू व्हायची, त्यामुळे पोर सतत आईपाशी नाहीतर बापापाशी. पुढे ती बोलायला लागली. ओठ गोल करायची, रुंद करायची, जीभ टाळूला लावायची. आईबाप कौतुकानं बघत बसायचे, एकमेकांना दाखवायचे. मी आठवड्यातून एकदा जायची, पण त्या गोंगाटात मला माझंच बोलणं ऐकू येत नसे, पोरीचं कुठून येणार?

बालवाडीत घातल्यावर काही महिन्यांनी बाईंचा निरोप आला. भावजयीची कामावर पाळी होती, म्हणून मुनी मला घेऊन गेला.

“बोलायला कुणीतरी हवं ना, ताई,” म्हणाला.

मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाई शांत, समजूतदार होत्या. म्हणाल्या, “टिकली हुशार आहे. सांगितलेलं सगळं करते. पण बोलत नाही. एक शब्दसुद्धा नाही. सुट्टीनंतर मोठा वर्ग सुरू होईल, तिथे सगळं बोलण्यावरच चालतं. असंच राहिलं तर मला तिला वर घेता येणार नाही. न बोलणाऱ्या मुलांची वेगळी शाळा असते, तिथे एकदा दाखवून या.”

मुनी चिडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“बोलत नाही? अहो बाई, घरी दिवसभर तोंड चालू असतं तिचं! मी जेवायला बसलो की घास गिळू देत नाही, इतकं बोलते. टिकली, इकडे ये. काल मांजरीनं काय केलं ते सांग बाईंना.”

टिकली आली. तिनं हात पसरले, डोळे मोठे केले, भराभर ओठ हलवले, आणि शेवटी मांजर कशी पडली ते बसकण मारून दाखवलं. मुनी हसला. एकटाच हसला.

“बघा!” तो म्हणाला. “सुताच्या टोपलीत बसली आणि टोपलीसकट गडगडली. सांगितलं की नाही?”

बाई हळूच म्हणाल्या, “मला काहीच ऐकू आलं नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुला?”

मी मान हलवली. नाही.

तो खाली बसला. पोरीच्या गळ्यावर हलकेच तळवा ठेवला आणि म्हणाला, “पुन्हा सांग, बाळा.” तिनं आनंदानं पुन्हा सांगितलं. ओठ हलत होते, हाताखाली गळा स्वस्थ होता. मुनीचा चेहरा उतरला. इतके दिवस त्यानं लेकीचं बोलणं फक्त पाहिलं होतं.

डॉक्टरांनी तिचे कान तपासले, घसा तपासला. दोन्ही ठणठणीत. ते म्हणाले, “वेगळ्या शाळेची घाई नको. हिला बोलता येतं, पण आवाज काढायची गरजच कधी पडली नाही. तिनं ओठ हलवले की तुम्हाला कळतं, मग ती कशाला त्रास घेईल? तुम्ही दोघं तिच्याशी मोठ्यानं बोला. आणि ती बोलेल तेव्हा तिच्या तोंडाकडे बघू नका.”

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,” मी बाहेर आल्यावर म्हटलं. मुनीनं नुसती मान हलवली. बोलायचं ठरलं होतं तरीही.

माझं घर शांत गल्लीत. पाळी संपली की मुनी टिकलीला घेऊन माझ्याकडे यायला लागला. भावजयीला जमेल तेव्हा तीही यायची. माझ्या ओट्यापाशी उभी राहून ती म्हणायची, “हा कांदा. आता मी कांदा चिरते. हे पातेलं, हे झाकण.” मग माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायची. “ताई, भांड्यांशी बोलणारी वेडी वाटते हो मी.” मी म्हटलं, मी जन्मभर हेच करत आलेय, मला कुणी वेडी म्हटलं नाही. माझ्या पाठीमागे म्हणत असतील तर गोष्ट वेगळी.

मुनीचं अवघड होतं. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटायचा. गोष्ट सांगायला लागला की दोन वाक्यांत आवाज विरायचा आणि नुसते ओठ हलत राहायचे. “आवाज!” मी स्वयंपाकघरातून ओरडायची. “तू तिला बोलायला जागा ठेवलीस तर ना!” एकदा तो खणखणीत म्हणाला. म्हटलं, चला, निदान माझ्यावर ओरडता तरी यायला लागलं.

पण पाठ करून बसण्याचं त्यानं मनापासून धरलं. माझ्या पडवीत भिंतीकडे तोंड करून मांडी घालायचा आणि म्हणायचा, “सांग टिकली, मी ऐकतोय.” ती मागे उभी राहून ओठांनी सांगायची. तो वळायचा नाही. मग ती फिरून पुढे यायची, तो दुसरीकडे वळायचा. तिला आधी तो खेळ वाटला. मग तिची हनुवटी थरथरायला लागली. ती त्याच्या पाठीवर इवल्या मुठींनी मारायची, आणि तो भिंतीकडे बघत डोळे पुसायचा.

“ताई, माझ्याच्यानं होत नाही,” तो एकदा म्हणाला. “पोर जीव तोडून सांगतेय आणि मी तिच्याकडे पाठ फिरवून बसलोय. असा बाप असतो का?”

“वेगळ्या शाळेत पाठवायचं आहे का?” मी विचारलं. माझी जीभ तिखटच आहे, पण मला तेव्हा भीती वाटत होती म्हणून ती जास्त चालली. तो पुन्हा भिंतीकडे वळला.

सुट्टी संपत आली होती. त्या दुपारी टिकलीच्या सँडलचा पट्टा निघाला. मी उंबऱ्यात लसूण सोलत बसले होते. ती एका पायावर लंगडत बापाच्या मागे गेली. ओठ हलवले. तो भिंतीकडेच. ती थांबली, आणि मग मी ऐकलं.

“बाबा.”

बारीक, घोगरा, कुठूनतरी खालून आलेला आवाज. लसूण माझ्या हातातून पडला. मी मुनीकडे पाहिलं. तो तसाच बसला होता. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

एका क्षणात मला सगळं कळलं. इतकी वर्षं मागांमधे उभं राहून त्याचे कान बोथट झाले होते. ओठ वाचता येत होते म्हणून ते कुणालाच कळलं नाही, त्यालाही. पाठ फिरवून तो रोज लेकीचा आवाज ऐकायला बसत होता, आणि तो आवाज आला तेव्हा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. “अरे!” मी ओरडणारच होते, पण टिकलीनं श्वास घेतला.

“बाबा!”

मोठ्यानं. तरी तो हलला नाही. टिकली लालबुंद झाली, सँडल हातात धरली, मान पुढे काढली आणि सगळी गल्ली जागी होईल अशी ओरडली, “बाबाऽऽ! पट्टा!”

मुनी वळला. आधी तिच्या ओठांकडे बघायला गेला, मग त्याच्या लक्षात आलं की हे आपण ऐकलंय. त्यानं तिला उचललं नाही, मिठी मारली नाही. सँडल घेतली आणि पट्टा लावला, कारण तिनं तेच सांगितलं होतं. मग माझ्याकडे आणि सांडलेल्या लसणाकडे पाहिलं. “आधी पण बोलली होती?”

“दोनदा.”

त्याचा हात कानाकडे गेला. आनंद आणि दुःख एकाच माणसाला एकाच वेळी झालेलं मी पाहिलं ते तेव्हा. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर पोरीचं धरण फुटलं. बापाशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं, हे तिनं पक्कं केलं. मुनी आता कामावर कानात बोळे घालून जातो, आणि त्यानं बाकीच्यांनाही घालायला लावलेत.

मोठा वर्ग सुरू झाला त्या दिवशी आम्ही तिघं तिला सोडायला गेलो. आईवडिलांनी आत यायचं नव्हतं. दार बंद झालं, काचेपलीकडे मुलं गोलात बसली. बाईंनी एकेकाला उभं केलं. टिकलीची पाळी आली. जाड काचेतून मला अक्षर ऐकू येत नव्हतं. बाईंनी हसून हातानं ‘जरा हळू’ अशी खूण केली, आणि टिकली मान हलवून काहीतरी समजावून सांगायला लागली.

“काय म्हणतेय रे?” मी मुनीला विचारलं.

त्यानं तिच्या ओठांवरून वाचलं आणि मला सांगितलं, चांगलं मोठ्यानं, शब्द न चुकवता.

“म्हणतेय, हळू नको. माझ्या बाबांना कमी ऐकू येतं, आणि ते बाहेर उभे आहेत.”