बिनपाण्याची नावं

तुमच्या गावच्या गोऱ्या कबरस्तानात गोऱ्यांशिवाय आणखी कोण पुरलंय, हे तुम्ही कधी विचारलंत?

मी भुताखेतांच्या विरोधात पत्रकं छापून वाटणारा माणूस. आजही वाटतो. तरी हे लिहितोय...

लातूर जिल्हा नवा झालेला, त्यात दुष्काळ. आमच्या तालुक्याच्या गावात नॅरोगेज लाइनीपलीकडे हे कबरस्तान आहे. पुढे इंग्रज साहेबांचे कोरीव दगड, मागे बाभळींखाली नुसते उंचवटे. लाइन टाकताना पटकीने मेलेले मजूर तिथे आहेत. त्यांची नावं फक्त राखणदार करीमचाचांना पाठ. त्यांच्या घराण्याची रीतच तशी – दर गुरुवारी एकेका उंचवट्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि नाव घ्यायचं.

मागची जागा सपाट करून तिथे नवी कचेरी होणार होती. ती वाचवायचा अर्ज घेऊन मी तहसीलदारांकडे गेलो, तर साहेब म्हणाले, "कोण पुरलंय ते लिहून आणा. सोमवारपर्यंत."

वही घेऊन चाचांकडे गेलो.

"पाणी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"जित्या माणसांना टँकर न्हाई, चाचा."

"मग नावबी न्हाई. बिनपाण्याचं नाव घेऊ नये बेटा. तहान लागती त्यांना."

"मेलेल्यांना तहान? तुम्हाला एक पत्रक देतो वाचायला."

"दे. बिडी पेटवायला व्हईल."

मी हटलो नाही. जागाच गेली तर पाणी कुठे ओताल, म्हणालो.  मग चाचा डोळे मिटून सांगत गेले – मारुती, हुसेन, यल्लप्पा, तान्ह्या मुलीसकट गेलेली गंगू... सगळी नावं मी शाईच्या पेनाने उतरवली.

सोमवारी साहेबांपुढे वही उघडली. नावांची पानं ओलीचिंब. शाई वाहून गेलेली, टेबलावर पाणी ठिबकत होतं. मागची-पुढची पानं कोरडी ठणठणीत.

साहेबांनी आपल्या रिकाम्या माठाकडे पाहिलं. "पाणी कुठं घावलं रे तुला?"

तसाच उन्हात पळत चाचांकडे आलो. "पुन्हा सांगा."

त्यांचे ओठ हलले. थांबले.

"न्हाई येत. तुझ्याकडं दिली की सगळी."

आता तिथे पाया भरून झालाय. पुढच्या कोरीव दगडांना तेवढं तारेचं कुंपण मिळालं. वही माझ्याकडे आहे, पानं वाळून कडक झालीत. ते पाणी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

तुमच्या गावात अशी नावं पाठ असलेलं कुणी असेल, तर आजच जा. जाताना तांब्याभर पाणी न्या. आणि शाईने नको... पेन्सिलीने लिहा.