मेढीवरची टोपी

दादाची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा मी साहेब झाले होते. दिंद्रुडच्या घरी ओसरीवर खुर्ची टाकून, नाकावर चष्मा ओढून, मांडीवर कसलेतरी जुने कागद घेऊन मी बसले होते आणि सत्तरी गाठलेला माझा थोरला भाऊ माझ्यापुढं हात बांधून उभा होता. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम चालली होती. एकदा नापास झालेला विद्यार्थी होता तो, आणि मी जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळं सोडणार नव्हते.

"शेती किती आहे?" मी विचारलं.

"हाय पोटापुरती."

"दादा, किती एकराचं पोट आहे तुझं?"

तो हसला. पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यानं आधी रस्त्याकडं बघून घेतलं, कुणी येत-जात नाही याची खात्री केली आणि चोरी कबूल करावी तसा पुटपुटला, "बावीस एकर. बागायत." मी म्हटलं, साहेबाला ऐकू गेलं नाही. मग जरा मोठ्यानं म्हणाला. शेवटच्या प्रश्नाला मात्र त्यानं जे उत्तर दिलं ते मी शिकवलेलं नव्हतं. ते पुढं सांगते...

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारी गेवराईला माझ्या घरी फोन वाजला. रखमाजीचा होता. रखमाजी आणि त्याची बायको वर्षानुवर्षं दादाच्या शेतात राबणारी, गावासारखंच दादाला बापू म्हणणारी, घरच्यासारखीच माणसं. तो म्हणाला, "आत्याबाई, टोपी मेढीवर हाय, पण बापू ओ देईनात." एवढंच बोलला. मला पुढचं विचारावं लागलं नाही. दादा दुपारी जेवून आडवा झाला होता, तो तसाच गेला. कुणाला काही मागितलं नाही, कुणाला त्रास दिला नाही. त्याच्या स्वभावाला शोभेल असंच.

ही मेढ कुठली आणि तिच्यावर टोपी कशासाठी, हे सांगायचं तर अश्विनीच्या लग्नापर्यंत मागं जावं लागेल. अश्विनी ही दादाची एकुलती एक लेक. ती बारावीला असताना वहिनी गेली. लोकांनी दादाला दुसरं लग्न कर म्हणून सांगून पाहिलं, मीही एकदा विषय काढला, तर म्हणाला, दोघांचं बरं चाललंय. पोरगी शिकायला संभाजीनगरला वसतिगृहात राहिली. हा महिन्याआड मोसंबीची दोन पोती एसटीच्या टपावर टाकून निघायचा आणि तिथल्या बाईंना म्हणायचा, "थोडीशी आणलीत, गोड न्हाईत फार." पुढं कितीतरी दिवस सगळं वसतिगृह तीच 'थोडीशी' मोसंबी खात असायचं.

हा दादाचा स्वभाव खरा, पण त्याच्या एकट्याचा नव्हे. आमच्या मुलखात आपल्याजवळ काय आहे ते कुणी आपल्या तोंडानं सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेतातून माल भरलेला टेंपो निघत असतो आणि मालक पारावर बसून सांगत असतो की यंदा काही खरं न्हाई. थोडं नजरेचं भय असतं, थोडी लाज असते. आणि गंमत अशी, की ऐकणाराही इथलाच असतो. 'पोटापुरती' म्हटलं की त्याला बरोबर कळतं, भाऊ खाऊन-पिऊन सुखी आहे. सांगणाऱ्यानं कमी सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं ते भरून घ्यायचं, असा हा दोघांचा व्यवहार. त्यातला एकजण परमुलखातला निघाला तर काय होतं, ते आम्हाला मुंबईला कळलं.

अश्विनी नोकरीला परदेशी गेली. कोणत्या देशात ते लिहीत नाही, त्या देशाचं नाव मी अजून घरातही घेत नाही. तिथंच तिचं जमलं. मुलगा चांगला, नागपूरकडचा, घरचे लोक सालस. दोघांच्या रजा आणि कागदपत्रं असली काही भानगड होती, त्यामुळं लग्न तिकडंच करायचं ठरलं. दादा म्हणाला, करा, मी येतो. आयुष्यात पुण्याच्या पलीकडं न गेलेला माणूस, पण लेकीच्या लग्नाला जायचं म्हणून पासपोर्ट काढला, नवं धोतर घेतलं, नवे बूट घेतले आणि ते चावतात म्हणून घरात घालून फिरू लागला. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला मी बरोबर गेले. पिशवीत सातबारा, बँकेचं पुस्तक, लग्नपत्रिका, सगळं नीट लावून दिलं आणि बाहेर रस्त्यावर वाट बघत उभी राहिले. तो आत गेला आणि चहा निवायच्या आत बाहेर आला.

काय झालं ते त्यानं परतीच्या वाटेवर सांगितलं. मांजरसुंब्याला बस थांबली होती. ढाब्यावर भजी तळत होते, ट्रकवाल्यांची वर्दळ चालली होती. दादा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. खिडकीपलीकडच्या साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं होतं, गावी काय आहे? हा म्हणाला, काय न्हाई साहेब, भागतंय. शेती किती? हाय पोटापुरती. कोण बघतं? देव बघतो. मग विचारलं, घरी आणखी कोण आहे? कुणी न्हाई, मंडळी वारली. आणि मग साहेबानं विचारलं, तिकडं मुलगी तुम्हाला सांभाळेल का?

"मग काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हणलं, का न्हाई सांभाळणार? माझी लेक हाय ती. जलमभर सांभाळंल."

मी कपाळाला हात लावला. स्वतःच्या बावीस एकरांबद्दल मूग गिळून बसलेला माणूस लेकीच्या बाबतीत मात्र छाती पुढं काढून बोलला होता. साहेबाच्या लेखी हिशेब सरळ होता. गावी काही नाही, कुणी नाही, आणि तिकडं जन्मभर सांभाळणारी लेक आहे, हा म्हातारा कशाला परत येतोय? पिशवीतला सातबारा पिशवीतच राहिला, कुणी मागितलाच नाही. मला त्या साहेबाचा संताप आला, दादाचाही आला. मी म्हटलं, काहून सांगितलं न्हाईस रे नीट? एवढी बाग, एवढं पाणी, सांगायला तोंड दुखत होतं का?

दादानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कमे, एवढ्या मोठ्या माणसापुढं आपलं आपण किती सांगावं?" बसवाल्यानं हॉर्न वाजवला आणि आम्ही उठलो. त्याचा चहा तसाच राहिला होता.

पुन्हा अर्ज करायला तारीख मिळेना, मुहूर्त पुढं ढकलता येईना. व्याह्यांना व्हिसा मिळाला. त्यांनी आपले फ्लॅट, दुकान, निवृत्तिवेतन सगळं खणखणीत वाजवून सांगितलं असणार. त्यात त्यांची काय चूक? पण तेव्हा मला ते फार लागलं होतं. अश्विनी फोनवर रडायची, लग्नच पुढं ढकलते म्हणायची. दादा तिला समजवायचा, की बाई, काम झालं पाहिजे, मी काय तिथं येऊन मंगलाष्टका म्हणणार होतो? फोन ठेवला की गोठ्यात जायचा आणि म्हशीचं उगीच काहीतरी करत बसायचा.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी दिंद्रुडला पोचले तर याच्या दारात खड्डा खणलेला. शेजारी उंबराची ओली मेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, हळदकुंकू लावून तयार. मी म्हटलं, दादा, लग्न सातासमुद्रापलीकडं आणि तू मांडव इथं घालतोस, लोक हसतील. तो खड्ड्यात सुपारी टाकता टाकता म्हणाला, "लग्न कुठंबी लागो. मांडव बापाच्या दारी." आणि मेढ रोवली. लोक हसले नाहीत. मांडव घालायला अख्खी आळी आली, बायकांनी जात्यावर हळद दळली. लग्नाच्या दिवशी तिकडं सकाळ होती, इकडं दिवेलागण. शेजाऱ्यांचा मोठा टीव्ही मांडवात आणून त्यावर लग्न दाखवलं. तिकडं कन्यादानाला अश्विनीच्या मैत्रिणीचे आईवडील बसले, तेव्हा दादानं मान फिरवली. पण मंगलाष्टका संपल्या तशा मांडवातल्या सगळ्यांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. पडद्यावरून घरंगळून त्या खाली पडत होत्या. दादानं टाकल्या नाहीत. मूठ मिटूनच उभा राहिला आणि मग पुढं होऊन टीव्हीच्या डोक्यावर हलकेच ठेवल्या. त्यानंतर बुंदीची पंगत उठेपर्यंत तो वाढत होता.

मांडव दुसऱ्या दिवशी उतरला, पण मेढ राहिली. आमच्या घरात रीत अशी, की लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येते, त्या मांडवपरतणीला तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, पाय धुवायचे, ओटी भरायची, आणि ती येऊन गेली की बापानं स्वतःच्या हातानं मेढ काढायची. एरवी चार-आठ दिवसांचा मामला. इथं अश्विनीला यायला जमेना. लग्नानंतर तिच्या तिथल्या परवान्याचं काहीतरी अडकलं होतं, देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. वर्ष गेलं, दुसरं गेलं. उंबराची साल वाळून सुटली. मेढीच्या वरच्या बेचक्यात दादा टोपी अडकवायला लागला. रानातून आला की टोपी मेढीवर, निघाला की डोक्यावर. हळूहळू गावाला ती सवय झाली. रस्त्यानं जाणारा बघायचा, टोपी आहे म्हणजे बापू घरात आहेत, आणि मग हाक मारायचा.

मधल्या काळात मी कितीदा म्हटलं, पुन्हा अर्ज कर. तर म्हणे, लग्न झालं, आता कशाला? लेकीला मूल होईस्तवर बापानं तिच्या घरी जेवू नये, मग तिथं जाऊन उपाशी बसू का? मी म्हटलं, तिकडं हॉटेलं आहेत. त्याला ते पटलं नाही. मग अश्विनीला मुलगा झाला आणि दादाचा फोन आला, "कमे, आता जेवायला हरकत न्हाई." परवान्याचं कामही मार्गी लागलं होतं, पण तान्ह्याला घेऊन इतक्या लांब लगेच कसं यायचं, म्हणून आधी यानंच जायचं ठरलं. मुलाखतीची तारीख मिळाली. आणि म्हणून मी त्या दिवशी ओसरीवर साहेब होऊन बसले होते.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता. चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही परत येणार कशावरून?" मला वाटलं, आता पुन्हा लेकीचं कौतुक सुरू होणार. पण त्यानं बांधलेले हात सोडले आणि दाराकडं बोट केलं.

"येणार न्हाई तर काय? मेढ उभी हाय माझ्या दारात. लेकीला आन् नातवाला संगं घेऊन येणार, मांडवपरतणी करणार, मग मेढ काढणार."

मी म्हटलं, दादा, साहेबाला मेढ काय कळणार? बागेचं सांग. तो म्हणाला, न का कळंना, खरं तेच सांगायचं ना? मग मी निघाले तेव्हा टोपी घालून मला फाट्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, जमलं तर जाऊन येईन म्हणतो, काही नक्की नाही. घरात बॅग भरून तयार होती.

दादा गेल्यावर अश्विनी आली ती पाचव्या दिवशी, कडेवर पोर घेऊन. मी दारात उभी होते. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला हात शिवशिवत होते, पण सुतकात कसलं ओवाळणं आणि कसली ओटी? ती तशीच आत आली. आत येताना मेढीपाशी थबकली, टोपीकडं बघितलं आणि पुढं गेली. त्यानंतर दिवसकार्य होईपर्यंत मी तिला रडताना पाहिलं नाही. पोराला घेऊन ती बागेत फिरायची, त्याला एकेक झाड दाखवायची. आजोबांचं हे सगळं 'पोटापुरतं' होतं बरं का, असं त्याला सांगताना मी ऐकलं, आणि मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

चौदावा झाला. भावकीतली म्हातारी मंडळी ओसरीवर बसली होती. त्यातल्या एकानं सरळ मनानंच विषय काढला, लेक येऊन गेली म्हणायची, आता मेढ काढून टाका. रखमाजी कुदळ आणायला उठलाही. तेवढ्यात अश्विनी आतून बाहेर आली. इतकी वर्षं परदेशात राहिलेली पोरगी, पण बोलली ती बापाच्याच बोलीत.

"राहू द्या काका. मी सुतकात आलते. हे येणं मोजायचं न्हाई."

रखमाजी पुन्हा खाली बसला. जाताना तिनं बापाचं काहीसुद्धा नेलं नाही. मी टोपी तिच्या हातात द्यायला गेले तर म्हणाली, आत्या, ती तिथंच असू दे, मी दिवाळीला पोराला घेऊन येणार आहे, ओटीचं तेवढं तू बघ. मी बघणार आहे. खण आणून ठेवलाय. मेढ कुणी काढायची ते मात्र अजून ठरत नाही. रीतीप्रमाणं ते बापाचं काम.

परवा दिंद्रुडला जाऊन आले. रखमाजीची बायको रोज अंगण झाडते, पावसाचं चिन्ह दिसलं की टोपी आत घेते आणि उघडीप झाली की परत बेचक्यात अडकवते. मी ओसरीवर बसले होते. लांबच्या वस्तीवरचा एक माणूस सायकलवरून चालला होता, त्याला बहुधा काही कळलेलं नव्हतं. त्यानं मेढीकडं बघितलं, सायकल थांबवली आणि हाक मारली, "बापू हायेत का घरात?"

मी उठून सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "हायेत. जरा पडलेत."

"असू द्या, असू द्या," तो म्हणाला, "माघारी येताना भेटतो."