प्रस्तावावरचं पहिलं नाव

नांदेडच्या आमच्या कॉलेजातले एक विभागप्रमुख प्रत्येक वाक्य "मी काय म्हणून राहिलो" असं सुरू करतात आणि समोरच्याचं वाक्य मध्येच संपवतात. सत्काराची शाल त्यांच्या कपाटात तयार असते; निमित्त मागाहून मिळतं.

त्यांच्या विभागातल्या बिलोलीच्या मॅडम तुरीवरच्या मर रोगाचा अभ्यास करतात. एका जर्मन संशोधिकेबरोबर त्यांनी दोन्ही देशांच्या संयुक्त निधीसाठी प्रस्ताव लिहिला. नियम साधा होता. दोघींनी तोच प्रस्ताव, त्याच नावांनी, आपापल्या सरकारकडे पाठवायचा. फरक निघाला तर दोन्ही बाद.

आमच्याकडे अर्ज विभागप्रमुखांच्या हातून जातो. पाठवताना त्यांनी मॅडमचं नाव खाली सरकवलं आणि वर स्वतःचं घातलं.

"मी काय म्हणून राहिलो मॅडम, बाहेरचे लोक ज्येष्ठता बघतात."

"पण सर, तिकडून माझं नाव..."

"गेलं असंल. मोठं नाव बघून खूशच होतील."

अर्ज गेल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला. मॅडमनी हार घातला.

काही महिन्यांनी दोन्ही अर्ज बाद झाले. प्रमुख संशोधकांची नावं जुळत नाहीत, एवढंच कारण दिलं होतं. सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं.

"बघा, त्या जर्मन बाईनं घोळ केला की न्हाई?"

"हाव सर," दोघं-तिघं म्हणाले.

"तिला कडक शब्दांत कळवा, मॅडम. इंग्रजी तुमचं चांगलं हाय. लिहा तुम्ही, सही मी करतो."