विहीणबाई विमानानं आल्या

राघोत्तमरावांचं सगळं आयुष्य आगगाडीच्या गार्डाच्या डब्यात गेलं. तंजावरच्या मराठी घरातला हा माणूस निवृत्त झाल्यावर मद्रासला, तिरुवल्लिकेणीत मुलाकडे राहायला आला. गाडीवर त्यांचा जीव. विमान म्हटलं की मात्र नाक मुरडायचे. "वर स्टेशन नाहीं, सिग्नल नाहीं. भरंवसा कसा धरायचा जी?"

साठ-एकसष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. त्यांची मुंबईची सून कुमुदिनी हिला दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला मनाई केल्यामुळे माहेरी जाणं राहिलं आणि तिची आई अलकनंदाबाईच इकडे यायला निघाल्या, त्याही विमानानं! मुलगा व्यासराज याला बँकेतून सुटी मिळेना. मग विहीणबाईंना आणायला मीनंबाक्कमच्या विमानतळावर राघोत्तमरावांनीच जायचं ठरलं.

"मामंजी, लवकर निघा. तीन तासांत पोचतं ते," कुमुदिनी म्हणाली.

"मेलला एक रात्र नि वर अख्खा दिवस लागतो. तीन तासांत कोण येतें?" असं म्हणून ते निवांत जेवले, दहीभातावर लोणचं दुसऱ्यांदा घेतलं, पान लावलं आणि छत्री उचलून बाहेर पडले.

बस सैदापेठेपर्यंत नीट गेली आणि तिथं जी बंद पडली ती पडलीच. उतारूंनी ढकलून पाहिली. राघोत्तमरावांनीही खांदा लावला, पण ती हलेना. घामाघूम होऊन ते स्टेशनवर गेले आणि लोकलमध्ये बसले. आता काळजी नाही, असं वाटतंय तोच गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबली. पुढं सिग्नल पडला नव्हता. चाळीस वर्षं प्रवाशांना "धीर धरा" म्हणणारे राघोत्तमराव खिडकीतून वाकून सिग्नलकडे बघत स्वतःच चरफडायला लागले.

विमानतळावर पोचले तेव्हा अलकनंदाबाई आपल्या ट्रंकेवर ऐसपैस बसल्या होत्या. तिथल्या झाडूवाल्या अलमेलूशी हातवाऱ्यांनी गप्पा चालल्या होत्या आणि तिनं दिलेला मोगऱ्याचा गजराही केसांत माळून झाला होता.

"या राघोत्तमराव! मी म्हटलं, मला आणायला तुम्ही थेट मुंबईलाच गेलात की काय!"

"क्षमा करा जी. गाडी अडली."

"कुठं?"

"सिग्नलला," ते पुटपुटले, आणि दोघांनाही हसू आवरेना.

दोघं टॅक्सीनं घरी आले तर दारातच शेजारच्या अंबुजाबाई वाट बघत उभ्या. कुमुदिनीला कळा सुरू झाल्या होत्या. अलकनंदाबाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. त्याच टॅक्सीत लेकीला बसवून, तिचा हात घट्ट धरून त्या प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. आईला पाहताच कुमुदिनीच्या चेहऱ्यावरची भीती पार ओसरली. काल रात्रीच्या मेलनं निघाल्या असत्या तर बाई या वेळी कुठं वाटेत गुंतकलला असत्या, हे राघोत्तमरावांना कुणी सांगावं लागलं नाही.

दिवेलागणीला नात झाली. व्यासराज बँकेतून धावत आला. राघोत्तमरावांनी स्वतः कॉफी करून थर्मासमधून प्रसूतिगृहात नेली आणि पहिला पेला विहीणबाईंच्या हातात दिला.

"विमानानं आलांत तें फार बरं झालं."

दुसऱ्या दिवशी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या जुन्या गार्ड मित्रांना नातीचं कौतुक अगदी थोडक्यात ऐकायला मिळालं. बाकी सगळा वेळ राघोत्तमराव त्यांना विमान किती वेगानं येतं, हेच सांगत होते.