गोमाजीचं खळं

गोमाजी माती चाखायचा. खड्ड्यातली चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि पच्‌कन थुंकायचं. सत्तरीच्या दशकात तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीवर मी कोराकरकरीत इंजिनियर म्हणून रुजू झालो, तेव्हा हे पाहून मला शिसारीच आली. खाणीला लागून त्याची धानाची शेती होती आणि खाणीवर तो चाचणीचे खड्डे खणायचा.

माल वर ओढणाऱ्या यंत्राचं घर बांधायचं होतं. त्याच यंत्राच्या दोरावर माणसंही खाणीत उतरणार होती. जागा मी निवडली. मे महिन्यात तिथे बूट आपटून म्हणालो, "दगड आहे दगड! करतो सही."

"साहेब, उन्हाळ्यात तं समदेच पहेलवान असतात," गोमाजी म्हणाला. संध्याकाळी त्याने खड्ड्यात चार घागरी पाणी ओतलं आणि सब्बल, म्हणजे पहार, उभी केली. सकाळी पाहतो तर सब्बल हातभर आत जाऊन कलंडलेली!

"कन्हार हाय हे, काळी माती. पानी पेली का फुगते, ऊन लागलं का फाटते. धानाची माय, भिंतीची सावत्र माय."

त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतीला मात्र अशी भेग होती की तीत तो विडीचं बंडल ठेवायचा. मी चिडवलं तर म्हणे, "बापानं बांधलं. तवा मी जलमलोच नोहतो, इचारते कोनाले?"

"मग चांगली जमीन कुठे आहे?" मी विचारलं, आणि एरवी तोंडाचा पट्टा सोडणारा हा गडी एकदम गप्प. जागेचा अहवाल मला शनिवारी द्यायचा होता. दोन दिवस त्याने माती जिभेला लावली नाही. "काय गोमाजी, जीभ भाजली का?" म्हटलं, तरी हसला नाही.

तिसऱ्या दिवशी तो मला त्याच्या शेताच्या कडेला, मुरमाड उंचवट्यावर घेऊन गेला. "बूट काढा, साहेब. खळं हाय." धान मळायची त्याची जागा! अनवाणी उभं राहून त्याने सब्बल हाणली. ती ठण्णकन उडाली.

"माह्या आज्यानं ढुंढलं हे. दोन दिवस मनातल्या मनात लय खोटं बोलून पाह्यलं. पन त्या दोरानं मानसं उतरतीन ना, जी!"

मी तर पहिल्याच दिवशी सही ठोकणार होतो. लाज वाटली मला, खरंच.

खाणीने ती जागा रीतसर घेतली, यंत्रघर उभं राहिलं. गोमाजीचं खळं खाली कन्हारीत गेलं आणि अवकाळी पाऊस आला की त्याचं धान भिजायचं. मग तो मला मनसोक्त शिव्या घालायचा. पण दर हंगामात धानाची पहिली ओंजळ यंत्रघराच्या उंबऱ्यावरच ठेवायचा. यंत्रचालक हसला की म्हणायचा, "खळ्याची पूजा खळ्यावरच होते. तुमची मशीन मधात येऊन बसली, त्याले मी काय करू?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, धान कापणीला आलेलं असताना गोमाजी गेला. त्या हंगामात मी त्याच्या बायकोकडून ओंजळभर धान मागून आणलं. यंत्रघराच्या भिंतीवर एवढ्या वर्षांत केसाएवढीही भेग नव्हती. उंबऱ्यावर धान ठेवत होतो, तेवढ्यात नवा इंजिनियर कोऱ्या बुटांनी टकटक करत आला.

"हे काय, सर?"

"बूट काढा," मी म्हणालो. "खळं आहे हे."